स्वतःच्या कादंबरीची पटकथा स्वतःच लिहिताना : पुस्तक मिटून ठेवावं लागतं का?

कांडीवाली

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसलेय. गेले आठ महिने एका कामात आहे. त्यातलं जे कळलं आणि जे अजून कळत नाहीय, ते दोन्ही मांडते. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी एकच कादंबरी प्रसिद्ध झालीय. इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या गल्लीतली गोष्ट. वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई घरात धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणारी, आणि सांगणारी त्यांची थोरली मुलगी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं तिच्या 'मी'मधून येतं. गल्लीत वडिलांचं नाव असतं. माग बिघडला की ते चौकटीला नुसता तळहात लावतात आणि कुठे अडतंय ते सांगतात. लोक म्हणतात, याच्या हातात विद्या आहे. मुलीला फार उशिरा कळतं की त्यांना ऐकूच येत नाहीय. वर्षानुवर्षांच्या खडखडाटाने कान गेलेत, आणि म्हणून हात. कादंबरीचा गाभा एवढाच.

मागच्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाने ती वाचून फोन केला. त्याला हक्क हवे होते आणि पटकथा मीच लिहावी असा त्याचा आग्रह होता. मी लगेच हो म्हटलं. माझी माणसं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची कल्पनाच सहन होत नव्हती.

पहिला खर्डा झाला २१४ पानांचा. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशोब मला ठाऊक होता. तरीही एवढा झाला, कारण मी पुस्तक डाव्या हाताला उघडं ठेवून प्रकरणामागून प्रकरण सीनमध्ये उतरवत गेले. कुठलंच वाक्य सोडवत नव्हतं. दिग्दर्शकाने ती प्रत परत दिली तेव्हा त्यात त्याची एकही सूचना नव्हती. फक्त पेन्सिलीने काही शब्दांभोवती गोल केले होते. वाटलं. आठवलं. उमगलं. जाणवलं. पुन्हा वाटलं. पानापानावर. मला म्हणाला, "ताई, 'तिला उमगलं' याच्यासाठी मी कॅमेरा कुठे लावू?"

मी दुखावले. दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेले आणि तीन आठवडे पुस्तकही उघडलं नाही, खर्डाही नाही. परत आल्यावर एका संध्याकाळी पुस्तक कपाटात ठेवून नुसत्या आठवणीवर लिहायला बसले. ठरवून नव्हे, परत ते वाचायचा धीर नव्हता म्हणून. त्यात जे झालं ते दाखवते.

कादंबरीत ती जागा अशी आहे :

"बाबांना ऐकू येत नाही हे मला नेमकं कधी कळलं ते सांगता येणार नाही. भिंत ओल धरते तसं ते कळत गेलं. एके दिवशी हात लावावा आणि हात ओला व्हावा."

वाचकांनी मला सगळ्यात जास्त पत्रं पाठवली ती या तीन वाक्यांबद्दल. पहिल्या खर्ड्यात मी मुलीला खिडकीत उभं केलं होतं आणि ही वाक्यं मागून ऐकवली होती. पुस्तक मिटून लिहिलं तेव्हा हे आलं :

सीन ६. आत. मागाचं शेड. रात्र.
आठ माग चालू. मुलगी जेवणाचा डबा घेऊन दारात येते. वीज जाते. धोटे जागच्या जागी थांबतात. काळोख. पूर्ण शांतता. कुणीतरी काडी ओढतं.
मुलगी : बाबा.
काडीच्या उजेडात सगळ्या कामगारांचे चेहरे दाराकडे वळलेले. एकच पाठ वळत नाही. बाबांचा तळहात मागाच्या चौकटीवर आहे.
काडी विझते.

हा प्रसंग कादंबरीत नाही. कुठेच नाही. माझ्या लहानपणी मात्र असे काळोख शेकड्याने होते. इचलकरंजीत वाढलेल्यांना ठाऊक असेल, लाइट गेली की गल्लीतली झोपलेली पोरं जागी व्हायची. आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. कादंबरी लिहिताना हे माझ्याजवळ होतं, पण 'मी'ला बोलता येत होतं म्हणून त्याची गरज पडली नाही.

म्हणजे मला वाटायला लागलंय की लेखकाने पटकथा पुस्तकावरून लिहूच नये. पुस्तक ज्यातून आलं तिथे परत जावं आणि तिथून दुसऱ्या वाटेने यावं. पण मग याला रूपांतर म्हणायचं का? आणि ज्या वाचकाने ते पुस्तक जिवाला लावून घेतलंय त्याची ही फसवणूक होत नाही ना? दुसरा प्रश्न निवेदनाचा. तो 'मी' पूर्ण काढून टाकवत नाहीय. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल, जवळून पाहिलं असेल, तर मनापासून सांगा.

वाचनवेडा_लातूर

ताई, लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. कादंबरीकाराने स्वतःच्या पुस्तकाची पटकथा लिहू नये. आपल्याकडे कादंबरीवरून झालेले जे चित्रपट टिकले ते आठवा. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. 'उंबरठा' (१९८२) शांता निसळांच्या 'बेघर'वरून, तीही तेंडुलकरांचीच. 'जोगवा' (२००९) राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'वरून, पटकथा संजय कृष्णाजी पाटलांची. दोन कादंबऱ्या फोडून त्यांचा एक चित्रपट करायचा म्हणजे अर्धीअधिक माणसं उंबऱ्याबाहेर ठेवायची. ज्याने त्यांना जन्म दिला त्याचा हात तिथे चालेल का? 'श्यामची आई' घ्या. पुस्तक ४२ रात्रींचं, दर रात्री श्याम एक आठवण सांगतो. अत्र्यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. परक्याच्या डोळ्याला काय ठेवायचं ते चटकन दिसतं.

तुमची 'भिंत ओल धरते' ही ओळ मी वाचलीय आणि माझ्या वहीत उतरवून ठेवलीय. पडद्यावर ती नसेल तर माझ्यासारख्याला ते दुःख आहे, हेही नोंदवतो.

रीळवाला

कांडीवालीताई, मी आयुष्यभर संकलनाच्या टेबलावर बसलो, पुण्यात शिकलो, आता निवृत्त आहे. तुमचा सहावा सीन वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

आधी वाचनवेडा यांना. तुमची सगळी उदाहरणं खरी आहेत, पण 'बनगरवाडी' राहिली. माडगूळकरांची कादंबरी १९५५ची. अमोल पालेकरांनी चित्रपट केला १९९५ साली, आणि पटकथा खुद्द व्यंकटेश माडगूळकरांची. मध्ये चाळीस वर्षं गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकाकडे माणूस अडुसष्टाव्या वर्षी बघतो तेव्हा तोही जवळजवळ परकाच झालेला असतो. तीही कादंबरी 'मी'मधली आहे, तरुण मास्तर सांगतोय. पण तो मास्तर स्वतःबद्दल फार कमी बोलतो. मेंढरं, धनगर, शाळेची पडकी जागा, तालीम, दुष्काळ, हेच बघत राहतो. बघणारा 'मी' आणि विचार करणारा 'मी' यांत फरक आहे. पहिल्याला कॅमेरा सहज सामावून घेतो. ताई, तुमच्या कादंबरीतली मुलगी दुसऱ्या प्रकारातली आहे, म्हणून तुम्हाला जड जातंय.

सत्यजित राय यांचंही सांगतो. 'शोनार केल्ला' ही गुप्तहेर फेलूदाची कादंबरी त्यांचीच, १९७१ची, आणि १९७४चा चित्रपटही त्यांचाच. पुस्तक रहस्यकथा आहे. चित्रपटात मात्र त्यांनी खलनायक कोण ते प्रेक्षकाला आधीच दाखवून टाकलं. वाचकाला शेवटपर्यंत झुलवणारी गोष्ट त्यांनी स्वतः मोडली, कारण पडद्यावर 'कोण?' यापेक्षा 'आता काय होणार?' जास्त धरून ठेवतं हे त्यांना कळत होतं. लेखक स्वतः होता म्हणूनच एवढं बिनधास्त मोडता आलं, असं मला वाटतं. दुसरा कुणी असता तर भीत भीत मोडलं असतं.

आता सीनबद्दल. त्यातली शांतता फार मोठी आहे, पण ती सहाव्या सीनमध्ये तयार होत नाही. पहिल्या सीनपासून मागाचा आवाज असा ठेवा की प्रेक्षक त्याला सरावेल आणि विसरेल. जेवताना, अभ्यास करताना, भांडताना, तो आवाज खाली आहेच. पात्रं थोडी ओरडूनच बोलतात, कारण त्या गल्लीत सगळे तसेच बोलतात. हे कागदावर लिहावं लागतं. ध्वनी नंतर बघू म्हणून सोडलं की तुमचा सहावा सीन थिएटरात नुसता काळोख होईल. मी असे सीन टेबलावर मरताना पाहिलेत. मागचं काहीच लिहिलेलं नसतं, आणि मग संगीत घालून वेळ मारून न्यावी लागते.

मुक्काम_ठाणे

मी मालिकांचे संवाद लिहिते, दोन चित्रपटांच्या पटकथेवर सहलेखिका म्हणून काम केलंय. तांत्रिक बाजू थोडक्यात. तुमची चूक पहिल्या खर्ड्यात झाली नाही, त्याच्या आधी झाली. तुम्ही वनलाइन न करता थेट सीनला हात घातलात. आमच्याकडे आधी वनलाइन होते, म्हणजे अख्खी गोष्ट एकेका ओळीच्या सीनमध्ये. मग सीन ब्रेकअप, म्हणजे एकेका सीनची फोड, मग पटकथा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. कादंबरीकार नेमके संवादापासून सुरू करतात, कारण ते त्यांच्याकडे तयार असतात. वनलाइनमध्ये 'उमगलं' लिहिता येतच नाही. तिथे लिहावं लागतं, "मुलगी हाक मारते, बाप वळत नाही." लिहिता आलं नाही तर सीन नाही.

आणखी एक, नॅरेशनची सवय करा. निर्मात्याच्या ऑफिसात बसून दीड-दोन तास तोंडी गोष्ट सांगायची असते. पहिल्या वेळी मला फार त्रास झाला, पण त्यानेच शिकवलं. सांगता सांगता जिथे आपला आपल्यालाच कंटाळा येतो ती जागा कापायची.

२१४ पानांचं मनाला लावून घेऊ नका. नाबोकोव्हने आपल्या 'लोलिता' कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली तेव्हा पहिली प्रत सुमारे ४०० पानांची होती, पडद्यावर सात तास चालली असती. दिग्दर्शक कुब्रिकने त्यातलं थोडंच वापरलं, तरी १९६२च्या चित्रपटावर पटकथाकार म्हणून नाव नाबोकोव्हचंच आहे. त्याने आपली पटकथा पुढे १९७४ साली वेगळी छापली. जॉन आयर्विंगला आपल्याच 'द सायडर हाउस रूल्स' कादंबरीच्या पटकथेला तेरा वर्षं लागली, दिग्दर्शक चार झाले. कादंबरीतलं मेलनी नावाचं एक अत्यंत ताकदीचं पात्र त्याने स्वतःच्या हाताने पूर्ण काढलं, आणि त्याच पटकथेला ऑस्कर मिळालं. वाचनवेडा, स्वतःच्या माणसाला बाहेर ठेवणारा लेखक असतो, हे सांगायला हे उदाहरण दिलं.

सोलापूरची_चादर

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही माग होते. लाइट गेल्यावर पोरं जागी व्हायची हे वाचून डोळ्यात पाणी आलं. चित्रपट येईल तेव्हा इथे नक्की सांगा.

कोची_मुक्कामी

नोकरीनिमित्त बावीस वर्षं केरळात आहे, मल्याळम वाचायला शिकलोय. कादंबरीकाराने पटकथा लिहावी का, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही, आणि त्याचं कारण बरंचसं एम. टी. वासुदेवन नायर हा एक माणूस आहे.

एम. टी. आधी कथा-कादंबरीकार, 'मातृभूमी' साप्ताहिकाचे संपादक. १९६५ साली स्वतःच्याच कथेवरून त्यांनी पहिली पटकथा लिहिली, 'मुरप्पेण्णु'. मग 'इरुट्टिंटे आत्मावु', 'असुरवित्तु', सगळं स्वतःचंच लेखन. १९७३ साली स्वतःच्या कथेवरून 'निर्माल्यम्' लिहिला आणि दिग्दर्शितही केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट एका पडत्या काळातल्या देवळातल्या वेळिच्चप्पाडची, म्हणजे ज्याच्या अंगात देवी येते त्याची. घर उपाशी, देवळाकडे कुणी फिरकत नाही. शेवटी तो नाचत नाचत स्वतःच्या कपाळावर तलवारीचे घाव घालतो आणि तोंडातलं रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. कादंबरीत याच्या मनात काय चाललंय ते सांगायला लेखकाने दहा पानं घेतली असती आणि ती दहा पानं चांगलीही झाली असती. इथे एक शब्द नाही. कांडीवालीताई, तुमचा न वळणारा बाप वाचून मला तो शेवट आठवला.

एम. टीं.ना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळाला, आणि ज्ञानपीठ १९९५चं. दोन्ही एकाच माणसाला. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या इमारतीतला लिफ्टमनही त्यांच्या पटकथेतले संवाद म्हणत होता. इथे पटकथा पुस्तकरूपाने छापतात, लोक विकत घेऊन वाचतात. मराठीत पटकथा हे साहित्य मानलंच जात नाही, म्हणून कादंबरीकाराला ते खालच्या पायरीवरचं काम वाटतं. याची मला खरोखर खंत आहे. तुम्ही तुमची पटकथा छापून घ्या. चित्रपट होवो न होवो.

कांडीवाली

सगळ्यांचे आभार. रात्रभर वाचत होते. रीळवाला काका, 'बघणारा मी आणि विचार करणारा मी' हे मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलंय. पहिल्या पाच सीनमध्ये आवाज लिहायला घेतलाय. आईचा सीन आधी नुसता संवादांचा होता. आता ती कांडी मशीनवर आहे आणि तिला मुलीचं बोलणं अर्धंच ऐकू येतं, म्हणून तीच वाक्यं दोनदा येतात.

निवेदनाचं मात्र सुटत नाहीय. 'रूम' ही एमा डोनह्यूची कादंबरी पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून आहे. तिने पटकथा स्वतः लिहिली, तीही पुस्तक बाजारात यायच्या आधीच, म्हणजे वाचकांची पत्रं यायच्या आधी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१५च्या चित्रपटात मुलाचा आवाज येतो, पण थोडाच. बाकी कॅमेराच त्याच्या उंचीवर राहतो. दुसरीकडे 'मिडनाइट्स चिल्ड्रन'. कादंबरी १९८१ची, चित्रपट २०१२चा, पटकथा रश्दींची आणि निवेदनही रश्दींच्याच आवाजात. तो पाहताना मला सतत कुणीतरी पुस्तक वाचून दाखवतंय असं वाटत राहिलं. ज्या पुस्तकाचा प्राणच सांगण्यात आहे तिथे दुसरं काय करणार, हेही कळतं. माझं पुस्तक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

ओल धरलेल्या भिंतीचं असं केलंय : शेडची मागची भिंत ओली दाखवलीय, आणि शेवटाकडे मुलगी तिला हात लावते. वाचनवेडा दादा, तुमच्यासाठी.

रीळवाला

ताई, ती भिंत काढा.

कठोर वाटेल, पण आत्ताच सांगतो. पुस्तकात भिंत नाही, 'भिंत ओल धरते तसं' आहे. त्या 'तसं'मध्ये सगळी जादू आहे. पडद्यावर 'तसं' दाखवता येत नाही, नुसती ओली भिंत दिसते, आणि प्रेक्षकाला वाटतं पाऊस गळतोय, आता छत दुरुस्त करायचा सीन येणार. उपमेचा फोटो काढू नये. तुमच्या उपमेतून जे वाचकाला मिळत होतं, हळूहळू कळणं, ते आधीच्या सीनमध्ये वाटून द्या. एकदा बाबा चुकीचं उत्तर देतात. एकदा ते मुलीच्या ओठांकडे बघतात. एकदा ती मागून येते आणि ते दचकतात. प्रत्येक वेळी कुणी काही बोलत नाही. सहाव्या सीनपर्यंत प्रेक्षकाचा हात ओला झालेला असेल.

वाचनवेडा_लातूर

रीळवाला काकांचं पटलं. ओळ पुस्तकात आहे, तिथेच राहू दे. माझा मूळ मुद्दा मी अजून सोडलेला नाही, सगळ्यांना असा दिग्दर्शक आणि असा सल्ला मिळत नाही. पण ताईंनी लिहावं, एवढं नक्की.

कलम_एकोणीस

वकील आहे, प्रताधिकाराची (कॉपीराइटची) कामं करतो. चर्चा कलेची चाललीय, पण ताईंनी पहिल्याच परिच्छेदांत 'त्याला हक्क हवे होते' म्हटलंय आणि पुढे त्यावर एक शब्द नाही, म्हणून लिहितो.

कादंबरीवरून चित्रपट करण्याचा हक्क हा लेखकाच्या प्रताधिकाराचाच भाग आहे. तो लेखी आणि सहीनेच देता येतो. फोनवरचं, चहावरचं हो म्हणणं म्हणजे हस्तांतरण नव्हे. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ नीट वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात येतं, करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर. व्यवहारात बहुतेक करारांत हे वेगळं काही म्हटलेलं असतं, बारीक अक्षरात. तेवढं वाक्य शोधा. माझ्याकडे आलेल्या एका लेखकाची कादंबरी अशाच एका वाक्यामुळे अकरा वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून राहिली. ना चित्रपट झाला, ना दुसऱ्याला देता आली.

कादंबरीचे हक्क आणि पटकथालेखनाचं काम, यांचे दोन वेगळे करार करा, पैसेही वेगळे. पटकथेचा खर्डा कुणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, घरबसल्या होतं.

आणि कलम ५७. हक्क विकले तरी आपल्या कलाकृतीची नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर लेखकाला दाद मागता येते. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरून झालेल्या चित्रपटाबाबत याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि न्यायालयाने या कलमाचा अर्थ लेखकाच्या बाजूने लावला. माध्यम बदललं की बदल होणारच हेही न्यायालय मानतं. म्हणून कशाला हात लावायचा नाही ते आधीच करारात लिहून घेतलेलं बरं.

मुक्काम_ठाणे

वरच्या प्रतिसादाला +१००. दोन करारांचं तर आजच करा, ताई. मी एकच केला होता.

अवांतर : रूथ प्रॉवर झाबवाला यांचं कुणी लिहिलं नाही. दिल्लीत राहून लिहिलेली त्यांची 'द हाउसहोल्डर' ही कादंबरी १९६०ची. आपले मुंबईचे निर्माते इस्माइल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी त्यांच्याकडे गेले, पटकथा तुम्हीच लिहा म्हणाले. मी कधी पटकथा लिहिलेली नाही, असं त्या म्हणाल्या. त्यावर यांचं उत्तर, आम्हीही कधी कथापट केलेला नाही. १९६३ साली चित्रपट आला. पुढे बुकरही मिळालं आणि पटकथेची दोन ऑस्करही. ती दोन्ही दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांसाठी. स्वतःच्या पुस्तकावर हात बसला आणि मग परक्यांच्याही उपयोगी पडला, असंही होतं.

कांडीवाली

भिंत काढली. एक दिवस वाईट वाटलं, मग नाही.

कलम_एकोणीस, करार काढून वाचला. ते वाक्य होतं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

काल आईला सहावा सीन वाचून दाखवला. तिने कादंबरी वाचलेली नाही, तिला वाचायचीही नाही. तिचं म्हणणं, मला ठाऊक आहे ते काय वाचायचं. सीन मात्र पूर्ण ऐकला. मग म्हणाली, "लाइट गेल्यावर तुझे बाबा असे उभे कशाला राहतील? आधी बटण बंद करायचं असतं. नाहीतर लाइट आली की माग एकदम सुरू होतो, कुणाचा हात असला तर जातो. ते सगळ्यांच्या आधी बटण बंद करायचे. बाकीचे बिड्या काढत बसायचे, हे एकेका मागापाशी जाऊन आठही बटणं बंद करायचे. काळोखात."

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या घरची मुलगी असून. सीन पुन्हा लिहिला :

सीन ६. आत. मागाचं शेड. रात्र.
आठ माग चालू. मुलगी डबा घेऊन दारात. वीज जाते. काळोख. शांतता.
काळोखात खटका पडल्याचा आवाज. पावलं. दुसरा खटका. पावलं. तिसरा.
मुलगी : बाबा.
पावलं थांबत नाहीत. चौथा खटका.
कुणीतरी काडी ओढतं. कामगारांचे चेहरे दाराकडे. बाबा पाठमोरे, पाचव्या मागापाशी, एक हात चौकटीवर, दुसरा बटणावर.
मुलगी : (मोठ्याने) बाबा!
खटका. ते सहाव्या मागाकडे जातात.
काडी विझते.

काका, काडी विझते तिथे कापू, की आठवा खटका ऐकू येईपर्यंत काळोख धरून ठेवू?

रीळवाला

आठव्यापर्यंत धरा. आणि डबा अजून तिच्या हातात आहे, ताई. तो ती कुठे ठेवते?